फ्रुगल सासरे

"हाऊ इज युवर फ्रु... फ्रुगल... फादर-इन-लॉ?"

देशकर गुरुजींनी पोस्टकार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरलं होतं आणि वर्गात धडा वाचावा तसं ते खड्या आवाजात वाचत होते. फेब्रुवारीतली दुपार होती. मी अंगणात तूरडाळ पाखडत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून खडे वेचत होत्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. ते कार्ड माझं होतं. नागपूरच्या माझ्या मैत्रिणीनं, कुमुदनं, मला पाठवलेलं.

"गुरुजी, द्या ना इकडे. माझं आहे ते." मी सूप टाकून उठले.

"अहो, कार्ड आहे हे, कार्ड! उघडंच असतं. पाकीट असतं तर मी हात तरी लावला असता का?"

देशकर गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वतःच्या ओसरीवर गावाचं पोस्ट चालवायचे. धामणखेडला इंग्रजी पत्र वर्षातून एखादं येई, ते बहुतेक बँकेचं. घरगुती इंग्रजी पत्र त्यांच्या कारकिर्दीत हे पहिलंच होतं. ते नुसतं हातात ठेवून परत जाणं त्यांच्या जिवावर आलं असणार.

"काय म्हन्ते मंग थे?" मामाजींनी विचारलं.

"तुमची खुशाली विचारली आहे, श्रावणजी."

"माही?"

"हो ना. तुझे फ्रुगल सासरे कसे आहेत, असं विचारते सूनबाईंची मैत्रीण."

"फ्रुगल म्हंजे काय?"

'मला ठाऊक नाही' हे वाक्य गुरुजींना कुठल्याच भाषेत येत नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "फ्रुगल म्हणजे... चिक्कट. कंजूस. आपण कवडीचुंबक म्हणतो ना, तसं."

वाटलं, आता तरी हे थांबतील. पण गुरुजींनी कार्ड पुन्हा लांब धरलं.

"पुढं विचारते, त्या बिचाऱ्या झाडाला अजून चोरून पाणी घालतेस का?"

आत्याबाईंच्या बोटांतला खडा बोटांतच राहिला. माझे दोन गुन्हे होते आणि दोन्ही एकाच कार्डावर, तेही पंधरा पैशांत, चव्हाट्यावर आले होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. मी खरंच खाली बघितलं. तिथं तूरडाळ होती.

मामाजींनी बशीतला उरलेला चहा संपवला. बशी कपावर उपडी ठेवली. खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली.

"गुरुजीले च्या द्या," एवढंच म्हणाले आणि बगिच्याकडे निघून गेले.

गुरुजी चहा पिऊन, कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात गेले. मी मात्र तिथंच उभी होते. मामाजी मला रागावतील याची भीती नव्हती. भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती सांगायची तर थोडं मागं जावं लागेल.

मी नागपूरची, महाल भागातली. इंग्रजी घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले होते आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी बी. एड. करायला हवं. पण त्याच वर्षी काटोलकडचं डांगोऱ्यांचं स्थळ आलं. तीनशे झाडांचा संत्र्याचा बगिचा, मुलगा निर्व्यसनी, काटोलला बियाण्याच्या दुकानात कामाला. बैठकीत माझ्या वडिलांनी हात जोडून एकच गोष्ट मागितली होती. "मुलीला पुढं बी. एड. करू द्या. तिचा जीव आहे त्यात."

सगळे मामाजींच्या तोंडाकडे बघत होते. मामाजी बराच वेळ सुपारी चघळत राहिले आणि म्हणाले, "पाहू."

त्या 'पाहू'वर माझं लग्न झालं. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला.

सासरी आले आणि आठ दिवसांत मला कळून चुकलं की आपण कुठं येऊन पडलो. त्या घरात एका खोलीतला दिवा मालवल्याशिवाय दुसऱ्या खोलीतला लागत नसे. एक चूल पेटलेली असली तर दुसरीसाठी काडी ओढायची नाही, पहिलीतलंच ढलपं उचलून न्यायचं. संत्र्याची साल फेकायची नाही, वाळवून सरपणात घालायची. दोरीचा हातभर तुकडा दिसला की मामाजी वाकून उचलणार आणि खिशात घालणार. त्यांचं जुनं धोतर आधी गाळणं व्हायचं, मग पोतेरं, मग गाईच्या पायाची पट्टी. आणि बोलणं? देवानं जन्माला घालताना मोजून शब्द दिलेत आणि अर्धे अजून शिल्लक ठेवायचेत, अशा बेतानं हा माणूस बोलायचा. आमचे हेसुद्धा बापासमोर उभे राहिले की निम्मे व्हायचे.

"बी. एड.चं विचारलंत का?" मी ह्यांना रोज विचारी.

"पाहू म्हणाले आहेत ना."

"पाहू म्हणजे काय?"

"म्हणजे नाही म्हणाले नाहीत," हे म्हणत आणि सायकलला टांग मारून काटोलला निघून जात.

मी मनाशी पक्कं ठरवलं. हा माणूस शब्दसुद्धा खर्चायला तयार नाही, तो सुनेच्या शिक्षणाला काय हो म्हणणार! आणि एकदा ठरवलं म्हटल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं.

डिसेंबर लागला आणि मामाजींनी बगिच्याचं पाणी बंद केलं.

विहीर काठोकाठ भरलेली. वाकून तांब्या बुडवावा इतकी. मोटर धडधाकट. आणि झाडांना थेंब नाही. आठवड्यात आळ्यांमधल्या काळ्या मातीला भेगा पडायला लागल्या. पंधरा दिवसांत पानं मलूल झाली, कडांनी आत वळली, वाळून खाली पडायला लागली. सकाळी न्हाणीकडे जाताना ती झाडं बघितली की घशाला कोरड पडायची. आमच्या न्हाणीच्या मागं अगदी लागून एक झाड होतं. त्याची एक फांदी न्हाणीच्या तट्ट्यावर यायची. मी केस धुताना ती माझ्याकडेच बघतेय असं वाटायचं.

"आत्याबाई, झाडांना पाणी का नाही देत हो?"

"ताण देला हाय ना बाई." त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, जणू मी 'भाकरी तव्यावर का टाकता' असं विचारलं होतं.

ताण देला म्हणे! माणसांना देऊन पोट भरलं नाही, आता झाडांना. मी एक दिवस धीर करून थेट मामाजींना गाठलं. ते दांडाच्या, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या, काठावर बसून विळ्याला धार लावत होते.

"मामाजी, विहीर भरलेली आहे."

"हो."

"झाडं सुकताहेत."

"सुकू दे."

झालं. मी तिथून पाय आपटत आले. त्या रात्री ह्यांना विचारता आलं असतं, आत्याबाईंना पुन्हा विचारता आलं असतं, गड्यांना विचारता आलं असतं. पण ज्याचं उत्तर आपण स्वतःच देऊन बसलोय ते दुसऱ्याला कशाला विचारायचं? दुसऱ्या दिवसापासून मी न्हाणीमागच्या झाडाला पाणी घालायला लागले. आंघोळीचं पाणी तर जायचंच, वर दोन घागरी चांगल्या पाण्याच्या. पहाटे सगळे आपापल्या कामात असताना. एक दिवस चुकवला नाही. पुरता महिनाभर.

आणि झाडानं माझं नाव राखलं. सगळा बगिचा आजाऱ्यासारखा पिवळा पडलेला आणि माझं झाड हिरवंगार! मला इतका आनंद व्हायचा की मी जाता येता त्याच्या पानांवरून हात फिरवायचे. त्याच आनंदात मी कुमुदला पाकीट टाकलं. आम्ही दोघींनी कॉलेज सुटताना ठरवलं होतं की इंग्रजी गंजू नये म्हणून एकमेकींना इंग्रजीतूनच लिहायचं. मी चार पानं लिहिली. माझे सासरे फार फ्रुगल आहेत, इतके की भरल्या विहिरीवर झाडांना तहानेनं मारताहेत, आणि मी एका झाडाला चोरून जगवते आहे. शब्द निवडताना मी थोडा विचार केला होता. 'मायझर', म्हणजे कंजूस, लिहावंसं वाटत होतं, पण सासऱ्यांबद्दल ते फारच होतं. म्हणून नेमका अर्थ न बघता, कानाला सौम्य वाटलं ते 'फ्रुगल' लिहिलं. मनात मात्र मायझरच होतं.

कुमुद शहाणी असती तर तिनंही पाकीटच टाकलं असतं. पण तिनं पैसे वाचवले. चिक्कट कोण, हा प्रश्न इथं विचारण्यासारखा आहे.

संक्रांत झाली आणि तिसऱ्या दिवशी मामाजींनी मोटर सुरू केली. शेणखत पडलं, आळी भरली, दांडातून पाणी खळखळत गेलं. मला वाटलं, आली बुवा दया. पुढं तीन आठवड्यांत त्या मरायला टेकलेल्या झाडांना कोवळी पालवी फुटली आणि पालवीच्या बगलेत पांढऱ्या कळ्या लागल्या. कळ्या म्हणजे किती! फांदी दिसेना. सकाळी दार उघडलं की वासानं घर भरून जायचं. मधमाश्यांचा आवाज थेट माजघरात ऐकू यायचा.

माझ्या झाडावर एकही कळी नव्हती. पानं भरपूर, लांबरुंद, तकतकीत. मी मनाशी म्हटलं, याला उशीर होतोय थोडा. येईल.

आणि मग ते कार्ड आलं.

तर आता कळलं असेल, गुरुजी गेल्यावर मी अंगणात थिजून का उभी होते. मामाजींच्या हातात माझं बी. एड. होतं. मेमध्ये अर्ज भरायचे. आणि मी गावासमोर त्यांना कवडीचुंबक ठरवलं होतं, वर चोरी कबूल केली होती. आता 'पाहू'चं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"चिक्कट म्हटलं थ्याचं काही नाही," आत्याबाईंनी शेवटी खडा टाकून दिला. "थे तं मीबी बत्तीस वर्सं झाले म्हनून राह्यली. पन बाई, ताणावरच्या झाडाले पानी घातलं तुनं?"

"सुकत होतं हो ते. बघवत नव्हतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "माय वो! तुले ठावच नाही काय?"

"काय?"

त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसले, माझा हात धरला आणि न्हाणीमागं घेऊन गेल्या. आधी माझ्या झाडापुढं उभं केलं, मग पलीकडच्या, कळ्यांनी लगडलेल्या झाडापुढं.

"हे पाय. संत्र्याच्या झाडाले रोज खायाप्यायाले भेटलं ना, तं थे नुसता पाला काढते. त्याले काय घाई? सारं भेटूनच राह्यलं. म्हनून बहार धराची असली का दीड म्हयना पानी तोडा लागते. झाडाले वाटते, आता आपलं काही खरं नाही. मंग थे असंल नसंल तेवढा जोर फुलावर लावते. ताण देला तं बहार, नाही तं पाला. नागपुरात हे शिकवत नाही?"

नागपुरात मला चार वर्षं काय काय शिकवलं होतं! संत्र्याचं शहर म्हणून मिरवणाऱ्या गावात मी जन्मले, वाढले, पोत्यानं संत्री खाल्ली. पण संत्रं झाडावर येतं कसं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी त्या झाडावर दया केली होती आणि त्याचं वर्ष बुडवलं होतं.

"मामाजींना आज कळलं," मी म्हटलं. माझा आवाज रडवेला झाला होता.

"आज? त्यायले पह्यल्या दिवसापासून ठाव हाय. आळं ओलं दिसत नाही काय मान्साले? गडी सांगाले आला होता, बाई पानी घालून राह्यली म्हनून. तं त्याले म्हने, तू तिकडं पाहू नको."

"मग मला बोलले का नाहीत?"

"थे त्यायलेच पूस," आत्याबाई म्हणाल्या आणि डाळीकडे वळल्या. सूपभर काम तसंच पडलं होतं.

मी घरात गेले. कॉलेजात बक्षीस मिळालेला जाडजूड कोश ट्रंकेच्या तळाशी होता. प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि शेवटी बारीक अक्षरात त्याचं कूळ देणारा. खरं सांगायचं तर मी पळवाट शोधायला तो उघडला होता. गुरुजींचा अर्थ चुकीचा निघाला तर माझी मान सुटणार होती.

आणि चुकीचा निघाला. फ्रुगल म्हणजे कंजूस नव्हे. काटकसरी, नेमस्त, जेवढं लागतं तेवढंच घेणारा, वाया न घालवणारा. मी सुटकेचा श्वास टाकला. मग सवयीनं खालचं कूळ वाचलं आणि दोनदा वाचलं. शब्द लॅटिनमधला होता. तिथं त्याच्या मुळाशी फळ होतं. 'फळाचा', 'फळाला येणारा', आणि त्यावरून कामाचा, भरवशाचा, नेकीचा माणूस. रोमन लोक चांगल्या माणसाला तसं म्हणत. हात आखडून वागणं हा अर्थ त्याला नंतर चिकटला होता.

बाहेर मधमाश्या घोंगावत होत्या. मी कोश मांडीवर घेऊन बसून राहिले. मला चांगलीच पळवाट सापडली होती. आता मामाजींपुढं जायचं आणि म्हणायचं, गुरुजींना इंग्रजी येत नाही, मी तर तुमची स्तुती केली होती. काम फत्ते. बी. एड.ही शाबूत.

मी चहा केला. लोटीत ओतला, पितळी कप घेतला आणि बगिच्यात गेले. उन्हं कलली होती. मामाजी एका झाडाखाली उकिडवे बसून आळ्यातलं गवत उपटत होते. मला बघून त्यांनी हात झटकले, चहा घेतला. मी उभीच राहिले. बोलायची सुरुवात तेच करतील अशी आशा करण्यात अर्थ नव्हता.

पण त्यांनीच केली.

"गुरुजी म्हने थे बराबर हाय काय? त्या शबुदाचं?"

हीच ती वेळ होती. मनाशी जुळवलेली दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. मी तोंड उघडलं आणि समोर तो माणूस पाहिला. गुडघ्यावर मातीचे डाग, कपाळावर घाम. महिनाभर रोज ओलं आळं पाहून गप्प राहिलेला माणूस. त्याच्याशी लबाडी करायला माझी जीभ वळेना.

"नाही मामाजी. त्या शब्दाचा अर्थ कंजूस नाही. गुरुजी चुकले. पण मी जेव्हा लिहिला तेव्हा मला कंजूसच म्हणायचं होतं."

झालं. गेलं बी. एड. असं मला वाटलं. आणि आश्चर्य म्हणजे छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

मामाजींनी चहाचा घोट घेतला. "मंग खरा अर्थ काय?"

मी सांगितलं. काटकसरी, नेमस्त. मग म्हटलं, "फार पूर्वी, तो शब्द जिथून आला तिथं, त्याचा अर्थ फळाचा असा होता. फळाला येणारा. चांगल्या, भरवशाच्या माणसाला ते लोक तसं म्हणायचे."

"कोन लोक?"

"रोमन. दोन हजार वर्षांपूर्वीचे."

"त्यायच्याकडं संत्रे होते?"

"संत्री नव्हती बहुतेक. द्राक्षं होती. अंजीर होते."

"अंगुराले बी ताण देतेत," मामाजी म्हणाले आणि त्यांनी समोरच्या फांदीवरचं एक वाळकं पान खुडलं. "मंग त्यायले ठाव असंल. हात आवरल्याबिगर फय नाही येत. म्हनून एकच शबुद ठेवला असंल दोन्हीले." मग मान हलवून पुन्हा म्हणाले, "शायने होते."

चार वर्षांत माझ्या एकाही प्राध्यापकानं कुठलाही शब्द इतका स्वच्छ उलगडून दाखवला नव्हता. कोशात फक्त कूळ होतं. ते का, हे झाडाखाली उकिडव्या बसलेल्या, इयत्ता चौथी झालेल्या माणसानं सांगितलं.

"मामाजी, तुम्हाला माहीत होतं. मी पाणी घालत होते ते. मला थांबवलं का नाही?"

त्यांनी कप धुळीत ठेवला. एवढा लांब विचार त्यांना करावा लागला की मला वाटलं, आता नाहीच बोलणार.

"तू नवी आली होती," ते म्हणाले. "पह्यल्याच म्हयन्यात घरातलं काही तोडलं असतं, फोडलं असतं, तं बोललो असतो. तू पानी घालून राह्यली होती. पानी घालनाऱ्याचा हात धराव काय? एका झाडाची बहार गेली तं गेली. तुहा हात आखडला असता तं मंग थो मोकया व्हाले किती वर्सं लागले असते, कोनाले ठाव."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. मामाजींना सुनेचं रडणं बघायची सवय नव्हती. ते घाईघाईनं दुसरीकडे बघायला लागले, धोतराचा सोगा सावरायला लागले.

"थो फारम कवा भरा लागते?" त्यांनी एकदम विचारलं.

"कसला?"

"मास्तरकीचा. तुह्या बाबानं म्हनलं होतं थो."

"मेमध्ये."

"भर."

"मामाजी, मग बैठकीत तुम्ही पाहू का म्हणालात? हो का नाही म्हणालात तेव्हाच?"

"बहार धराची होती ना अजून!" त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तवा हो म्हनलं असतं, आन् मधातच पाऊस पडून बहार गेली असती, फीले पैसाच नसता, तं तुह्या बाबाले कोनत्या तोंडानं सांगतलं असतं? देल्ला शबुद वापस घेता येत नाही. आता फुलं लागले. आता हो."

म्हणजे तीन महिने हा माणूस रोज सकाळी फांद्यांकडे बघत होता तो माझ्याही उत्तरासाठी बघत होता. आणि मी त्याच फांद्यांकडे बघून त्याला शिव्या घालत होते.

"पण एका झाडाला तर..." मी बोलायला लागले.

"एक झाड नसलं तरी पुरते," मामाजी म्हणाले आणि गवत उपटायला लागले. त्यांचं त्या दिवसाचं बोलणं संपलं होतं. त्या महिन्याचंही संपलं असावं.

जूनमध्ये मला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहात राहायचं होतं. ह्यांच्या दुकानात पेरणीच्या बियाण्यांची झुंबड उडालेली, त्यामुळं मला पोचवायला मामाजीच आले. हमाल करू दिला नाही, ते मी धरूनच चालले होते. माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर, वळकटी काखेत, आणि रस्त्यानं एक शब्द नाही.

वसतिगृहाच्या बाई कडक होत्या. चष्म्यावरून बघत त्यांनी फॉर्म पुढं ओढला. "मुलीचं नाव? कुंदा डांगोरे. पालक कोण आलेत? हे वडील का?"

सासरे, असं सांगायला मी तोंड उघडलं.

"हो," मामाजी म्हणाले.

बाईंनी तसं लिहून टाकलं आणि सहीसाठी पेन पुढं केलं. मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एकेक अक्षर जपून काढत सही केली. नंतर ही गोष्ट मी माझ्या वडिलांना सांगितली तेव्हा ते उठून तोंड धुवून आले.

सही झाल्यावर मामाजी दारापर्यंत गेले आणि पुन्हा बाईंच्या टेबलापाशी परत आले. हात जोडून, खालच्या आवाजात, म्हणजे मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले,

"बाई, एक सांगाचं होतं. पोरगी लाजाळू हाय. पोटभर झालं नाही तरी मागनार नाही. न मागता वाढत जाजा."

मला लाजाळू म्हणणारा माणूस त्याआधी जगात झाला नव्हता, नंतरही झाला नाही. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, लाजाळू दिसावं म्हणून. डोळे भरले होते तेही त्यात लपलं.